रूम खाली करून घ्यायची तर आधी कपाट उघडा

छत्रपती संभाजीनगरात जागा भाड्याने देणारे मालक दोन तऱ्हेचे. एकाचे दुकान किंवा वाडा गुलमंडी, सिटी चौक, औरंगपुरा, पैठण गेट अशा जुन्या भागात. भाडेकरू वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या काळापासून बसलेला, आणि भाडे इतके की वसुलीला जायचा रिक्षाखर्चही निघू नये. दुसऱ्याचा फ्लॅट किंवा वरचा मजला सिडकोत, गारखेड्यात, सातारा परिसरात, बीड बायपासला. भाडेकरू वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीतला किंवा विद्यापीठात शिकणारा, आणि कागद अकरा महिन्यांचा. लग्नाकार्यात हे दोघे मालक शेजारी बसतात आणि एकमेकांना सल्ले देतात. प्रत्येकाचा सल्ला त्याच्यापुरता खरा असतो, पण दुसऱ्याला तो बुडवू शकतो, कारण दोघांना लागणारी कलमे वेगळी आहेत.

म्हणून भाडे वाढवायचे असो की ताबा घ्यायचा असो, सुरुवात भाडेकरूच्या दारापासून करू नका. घरातले कपाट उघडा.

पायरी १ : भाडेकरू आत कसा आला ते शोधा

मूळ करार, नूतनीकरणाचे करार, पावत्यांची स्थळप्रत, घरपट्टी-पाणीपट्टीची बिले, विजेची बिले आणि बँक खात्याचा उतारा हे सगळे एका फायलीत लावा. वडील गेले असतील आणि जागेवर अजून त्यांचेच नाव असेल तर वारसांची नावे आधी लावून घ्या. नोटीस कोणाच्या सहीने जाणार, हा प्रश्न पुढे कोर्टात निघतोच.

मग फायलीला विचारा : हा माणूस भाडेकरू आहे की परवानाधारक? ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या नोंदणीकृत करारावर ठरावीक मुदतीसाठी आलेला माणूस परवानाधारक. भाडेपावतीवर वर्षानुवर्षे राहणारा माणूस भाडेकरू, मग कागद असो वा नसो. शहराच्या हद्दीत दोघांनाही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो, पण भाडेकरूला तो ढालीसारखे संरक्षण देतो आणि परवानाधारकाला मुदत संपताच बाहेरचा रस्ता दाखवतो.

हा कायदा ३१ मार्च २००० पासून राज्यभर आला. त्याआधी मराठवाड्याचा कायदा वेगळा होता : निजामाच्या राज्याचा वारसा सांगणारा हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व भाडेपट्टा) नियंत्रण अधिनियम, १९५४. मुंबईला १९४७ चा कायदा आणि विदर्भाला मध्य प्रांत-वऱ्हाडचा. नव्या कायद्याने तिन्ही रद्द केले. जुन्या शहरातल्या मालकाला हा इतिहास कामाचा आहे, कारण हैदराबादच्या कायद्याखाली रेंट कंट्रोलरने कधी काळी ‘वाजवी भाडे’ ठरवून दिले असेल तर आजचा हिशोबही तिथूनच सुरू होतो. आजोबांच्या ट्रंकेत असा हुकूम निघाला तर तो रद्दीत घालू नका.

भाडेकरू कोण आहे हेही पाहा. भाडेकरू बँक, सार्वजनिक उपक्रम किंवा १ कोटी रुपये वा त्याहून जास्त भरणा झालेले भांडवल असलेली कंपनी असेल तर त्याला या कायद्याचे संरक्षण नाही (कलम ३). तुमच्या तळमजल्यावर बँकेची शाखा असेल तर पुढच्या बऱ्याच पायऱ्या तुम्हाला लागत नाहीत. तिथे तुमचा करार आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो, आणि दरमहा भाडेपट्टा असेल तर कलम १०६ ची १५ दिवसांची नोटीस पुरते. शहराबाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत खोल्या असतील तर तुमचे गाव अधिनियमाच्या अनुसूचीत येते का, हे वकिलाकडून तपासून घ्या. येत नसेल तर तिथेही हाच १८८२ चा कायदा.

पायरी २ : नवा भाडेकरू असेल तर खरी लढाई इथेच जिंका

‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही’ ही समजूत शहरात घट्ट बसली आहे. तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबू लागले. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बुजवली. करार भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षा त्याच कलमातले दुसरे वाक्य जास्त महागात पडते : नोंदणी नसेल तर करार कोणत्या अटींवर झाला याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. पाचशेच्या बॉण्डवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद इथे फार वेळ तग धरत नाही.

आणि खर्च तरी किती? समजा, भाडे महिना ८,००० रुपये, परत करायची अनामत २०,००० आणि मुदत ११ महिने. एकूण भाडे ८८,०००. अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने काल्पनिक व्याज धरतात, ते सुमारे १,८३३. बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. नोंदणी ऑनलाइन होते. मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे अंगठे आधारशी जुळवून घेतले की कार्यालयाच्या पायऱ्याही चढाव्या लागत नाहीत. एजंट घरी मशीन घेऊन येतो, त्याचे पैसे वेगळे. वर्षाच्या भाड्यापुढे हा खर्च काहीच नाही, तरी तो वाचवण्यासाठी माणसे लाखोंच्या जागेचा ताबा पणाला लावतात, याचे मला अजूनही नवल वाटते.

करारात या गोष्टी स्पष्ट लिहा : मुदत कोणत्या तारखेला संपते, दरम्यान कोण किती दिवसांच्या नोटिशीने करार मोडू शकतो, नूतनीकरण झालेच तर फी किती टक्क्यांनी वाढेल, वीजबिल आणि टँकरचा वाटा कोणाचा, अनामतीतून काय कापले जाईल, आणि जागा फक्त राहण्यासाठी दिली आहे. मधल्या काळात करार मोडण्याचे कलम नसेल तर मुलाचे लग्न ठरले म्हणून तुम्हालाही पाचव्या महिन्यात जागा मागता येत नाही, हे विसरू नका. अनामत किती घ्यावी याला महाराष्ट्रात कायद्याची मर्यादा नाही. ‘दोनच महिन्यांची अनामत’ असा जो मेसेज फिरतो तो केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यातला आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वतः तसा कायदा केल्याशिवाय तो कोणालाही लागू होत नाही.

घर सिडकोचे असेल तर सिडकोशी झालेल्या लीज करारातल्या अटी भाडेकरू ठेवण्याआधी वाचा. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या. पोलीस आयुक्तालयाचा तसा आदेश लागू असताना माहिती दिली नाही तर गुन्हा मालकावर नोंदवला जातो.

पायरी ३ : भाडेवाढ

परवानाधारकाच्या बाबतीत सगळे सोपे आहे. मुदत चालू असताना करारात लिहिली असेल तेवढीच वाढ, आणि मुदत संपली की नवा करार नव्या रकमेचा. मुदत संपायच्या दोन महिने आधी लेखी कळवा : इतकी रक्कम मान्य असेल तर नवा करार करू, नसेल तर अमुक तारखेला जागा मोकळी करून द्यावी. तोंडी बोलणे चहासोबत होऊ द्या, पण पत्र गेलेच पाहिजे.

भाडेकरूच्या बाबतीत ‘मार्केट रेट’ हा शब्द विसरा. कायदा प्रमाण भाडे मानतो. ते कोर्टाने वा कंट्रोलरने पूर्वी ठरवलेले असेल तर त्यात ५ टक्के मिळवून. ठरवलेले नसेल तर बहुधा १ ऑक्टोबर १९८७ रोजी जागा ज्या भाड्याने होती ते. जुन्या मुंबई कायद्यात भाडी १९४० च्या आसपास गोठली होती. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात हे गोठवणे अवाजवी ठरवले, आणि त्यामुळेच राज्याला नवा कायदा करणे भाग पडले. भाडी पूर्ण मोकळी मात्र झाली नाहीत. गोठण्याचे वर्ष तेवढे पुढे सरकले.

त्या भाड्यावर तुम्हाला काय मिळते? कलम ११ प्रमाणे वर्षाला ४ टक्के. भाडे ३०० रुपये असेल तर महिना १२ रुपये. हसू येते, पण ही वाढ मागणे सोडू नका. वर्षानुवर्षे वाढ न मागणारा मालक पुढे थकबाकीचा दावा लावतो तेव्हा हिशोबाची सुरुवात कुठून करायची, इथेच वाद अडकतो. भाडेकरूच्या लेखी संमतीने जागेत सुधारणा किंवा बांधकामात बदल केला असेल तर त्यापोटी वाजवी वाढ वेगळी मागता येते. महापालिकेने कर वाढवला असेल तर कलम १२ प्रमाणे वाढलेला फरक भाड्यात मिळवता येतो, पण फक्त फरक. जुन्या आणि नव्या बिलाची झेरॉक्स पत्राला जोडा. नुसते ‘घरपट्टी वाढली’ म्हणून भागत नाही.

वाढीचे पत्र छोटे असावे. असे काहीसे :

‘आपण माझ्या मालकीच्या (पत्ता) येथील दुकानात दरमहा रु. ____ भाड्याने भाडेकरू आहात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११ नुसार दि. ____ पासून भाड्यात ४ टक्के वाढ करीत असून त्या दिवसापासून दरमहा रु. ____ द्यावेत. महापालिकेच्या करातील वाढीचा दरमहा रु. ____ इतका फरक कलम १२ नुसार वेगळा देय आहे. बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.’

धमकी नको, ‘अन्यथा’ नको. प्रमाण भाड्यापेक्षा आणि कायद्याने दिलेल्या वाढीपेक्षा जास्त रक्कम वसूल करणे हा कलम १० खाली गुन्हा आहे, तेव्हा चिडून पत्रात आकडा फुगवू नका. आणि पावती द्याच. भाडे घेऊन पावती न देणे हाही कायद्याचा भंग आहे. शिवाय पावतीची स्थळप्रत नसलेला मालक थकबाकी सिद्ध करायला उभा राहतो तेव्हा त्याचीच पंचाईत होते.

आणखी एक कुऱ्हाड मालक स्वतःच्या पायावर मारून घेतात. वाढ मिळत नाही म्हणून जुने भाडेही घ्यायचे नाकारतात. भाडेकरू मग बँकेने किंवा पोस्टाने पैसे पाठवतो, तुम्ही परत करता, आणि कोर्टात तो ‘मी द्यायला तयार होतो’ असे शांतपणे दाखवतो. भाडे द्यायला तयार आणि राजी असलेल्या भाडेकरूला थकबाकीच्या कारणावर काढता येत नाही (कलम १५). पैसे घ्या आणि पावतीवर ‘वाढीव भाड्याचा हक्क राखून’ असे लिहा.

पायरी ४ : खाली करून घेण्याचे कारण निवडा

परवानाधारकाला कारण लागत नाही, तारीख लागते. भाडेकरूच्या बाबतीत कारणाशिवाय एक इंचही जागा हलत नाही, आणि कारणे कायद्याने मोजून ठेवली आहेत.

थकबाकी हे पहिले कारण, आणि सर्वांत फसवे. कलम १५ प्रमाणे आधी लेखी मागणीची नोटीस, मग ९० दिवस थांबायचे, आणि त्यानंतर दावा. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह कोर्टात भरली आणि पुढे नियमित भरत राहिला तर हुकूम होत नाही. म्हणजे थकबाकीचा दावा हा पैसे वसूल करण्याचा चांगला रस्ता आहे, ताब्याचा भरवशाचा रस्ता नाही. तरीही नोटीस चुकवू नका : महिन्यांचा तक्ता, दरमहा रक्कम, एकूण रक्कम, आणि ९० दिवसांत भरण्याची मागणी. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात गेले आहे, तेव्हा पोचपावतीची सोय पोस्टात वेगळी मागून घ्या आणि ती पावती फायलीत लावा. नव्वद दिवस पोचल्यापासून मोजायचे, टाकल्यापासून नाही. दोन दिवस आधी लावलेला दावाही अवेळी ठरतो.

बाकीची कारणे कलम १६ मध्ये आहेत. तुमच्या लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले. जागेची नासधूस केली. शेजाऱ्यांना उपद्रव दिला किंवा बेकायदा धंदा चालवला. दुसऱ्याला पोटभाड्याने दिली. नोकरीमुळे जागा मिळाली होती आणि नोकरी संपली. ज्या कामासाठी घेतली त्या कामासाठी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरली नाही. हे शेवटचे कारण जुन्या बाजारात फार कामाचे आहे. शटर वर्षभर खाली असलेली दुकाने या शहरात कमी नाहीत. त्याचा पुरावा विजेच्या बिलात असतो, शेजारच्या दुकानदाराच्या तोंडी नसतो. महिन्यामागून महिना शून्याच्या आसपास युनिट असतील तर तो उतारा कोर्टाला लांबच्या भाषणापेक्षा लवकर पटतो. पोटभाडेकरूसाठी दुकानाची पाटी, परवाना, जीएसटी नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते पाहा आणि फोटोवर तारीख येईल असे काढा.

आणि मग याच कलमातले आणखी एक कारण : मालकाला स्वतःसाठी खरीखुरी आणि रास्त गरज. बहुतेक जण शेवटी याच दारातून जातात. मुलाला क्लिनिक काढायचे आहे, मुलगी माहेरी आली आहे, निवृत्त होऊन गावातून शहरात राहायला यायचे आहे. गरज खरी असली तरी एवढ्यावर भागत नाही. कोर्ट दोन्ही बाजूंचा त्रास तराजूत घालते : हुकूम दिला तर भाडेकरूला किती, नाही दिला तर मालकाला किती. भाडेकरूचे पारडे जड भरले तर गरज सिद्ध होऊनही ताबा मिळत नाही, किंवा जागेचा काही भागच मिळतो. म्हणून दावा लावण्यापूर्वी दोन याद्या करा. एकीत तुमच्या कुटुंबातले सगळे आणि तुमच्या नावावरच्या सगळ्या जागा, रिकाम्याही. लपवलेली जागा उलटतपासणीत निघाली की बाकी सगळे खरेही खोटे वाटू लागते. दुसऱ्या यादीत भाडेकरूच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या नावावर घेतलेले फ्लॅट, दुकाने, प्लॉट. त्यांचे सातबारे, इंडेक्स दोनचे उतारे. तराजू याच कागदांनी हलतो.

या कारणाला पुढचे बंधनही आहे. ताबा मिळाल्यावर महिन्याच्या आत तुम्ही तिथे राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू जागा परत मागू शकतो (कलम १७). ‘आधी मिळवू, मग जास्त भाड्याने देऊ’ हा बेत असेल तर तो इथेच सोडा.

वाडा पाडून नवी इमारत बांधायची असेल तर तेही कारण आहे, पण कोर्ट आधी नकाशे आणि पैशाची तयारी पाहते आणि जुन्या भाडेकरूंचा नव्या इमारतीतला हक्क जपते. महापालिकेने धोकादायक ठरवून पाडण्याचा हुकूम दिलेली इमारत हे वेगळे कारण. लष्करात असलेल्या वा निवृत्त झालेल्या मालकाला, सरकारी नोकराला आणि शास्त्रज्ञाला स्वतःच्या घराचा ताबा मिळवण्यासाठी कलम २३ ची जलद वाट आहे. सैनिक कुटुंबांतून ही वाट माहीत नसल्याने नेहमीचाच लांबचा दावा लावला जातो, म्हणून मुद्दाम सांगतो.

पायरी ५ : योग्य दार ठोठवा

राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि माणूस हलत नाही, तर अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे (कलम २४). हा उपजिल्हाधिकारी दर्जाखाली नसलेला अधिकारी किंवा न्यायाधीश असतो. तुमच्या भागासाठी कोण नेमला आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. इथे कागदालाच जोर आहे : लेखी करारात जे म्हटले ते निर्णायक पुरावा मानले जाते. समन्स मिळाल्यावर परवानाधारकाला ३० दिवसांत शपथपत्र देऊन ‘मला लढू द्या’ अशी परवानगी मागावी लागते. नाही मागितली तर हुकूम होतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते. मुदत संपल्यावर त्याने खात्यात नेहमीचे ‘भाडे’ टाकले तर गप्प बसू नका. ही रक्कम नुकसानभरपाईपोटी, हक्क राखून स्वीकारली, असे त्याच आठवड्यात लिहून कळवा.

दुकान किंवा ऑफिस परवान्याने दिले असेल तर कलम २४ ची ही वाट तुमच्यासाठी नाही. ती फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे. व्यापारी जागेला दिवाणी दावा. दुकान देताना बहुतेकांना हे कोणी सांगत नाही.

भाडेकरूविरुद्धचा दावा अदालत रोडवरच्या न्यायालयात, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. तिथून अपील ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात, आणि त्यानंतर वाद जालना रोडवरच्या खंडपीठापर्यंत जाऊ शकतो. कलम १६ च्या कारणांवर दावा लावताना मालमत्ता हस्तांतरण कायद्याची वेगळी भाडेपट्टा संपवण्याची नोटीस लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने धनपाल चेट्टियार खटल्यात १९७९ मध्येच सांगितले. थकबाकीची ९० दिवसांची नोटीस मात्र सक्तीची. हुकूम मिळाला म्हणजे किल्ली मिळाली असे नाही. दरखास्त लावायची, बेलीफ न्यायचा, पंचनामा करून ताबा घ्यायचा. पहिल्या तारखेपासून या दिवसापर्यंत वर्षे जातात. खर्चाचा अंदाज करताना ही वर्षे धरा.

पायरी ६ : हे करू नका

नळाला रोज पाणी न येण्याची सवय झालेल्या या शहरात टाकीचा कॉक बंद करणे हे मालकाचे आवडते हत्यार आहे. वीज तोडणे त्याच्या खालोखाल. कलम २९ प्रमाणे हा गुन्हा आहे, आणि कोर्ट पुरवठा सुरू करायला लावते. कुलूप बदलणे, सामान रस्त्यावर काढणे, चार पोरे घेऊन जाणे, यातले काही केले तर भाडेकरू विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत घेऊ शकतो, आणि तिथे मालक कोण हा प्रश्नच पाहिला जात नाही. पोलिसांकडे गेलात तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे ऐकून परत याल, आणि ते बरोबरच आहे.

‘बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो’ या भीतीनेही काही जण घाईत चुका करतात. भाडेकरू तुमच्या परवानगीने आत आला आहे. भाडे देत राहिलेला माणूस मालकीचा दावा करू शकत नाही. मुदतीचा कायदा वेगळ्या ठिकाणी चावतो : भाडेपट्टा कायदेशीररीत्या संपवल्यावर ताब्याचा दावा लावायला बारा वर्षे आहेत. नोटीस देऊन झोपी गेलेल्याने मात्र ही भीती बाळगावी.

पायरी ७ : तडजोड आणि विक्री

दावा लावण्याआधी किंवा चालू असताना भाडेकरूला पैसे देऊन जागा मोकळी करून घेणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पागडीला पूर्वी नाक मुरडले जाई. कलम ५६ ने भाडेकरूने हक्क सोडण्यापोटी रक्कम घेणे कायदेशीर ठरवले आहे. रक्कम बँकेतून द्या, एक हिस्सा करारावर आणि उरलेला किल्ली हातात आल्यावर. दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात नोंदवा, आणि त्यात ‘मालकाची गरज भाडेकरूला मान्य आहे’ असे कारण लिहायला लावा. नुसते ‘दोघांच्या संमतीने’ असे लिहिलेला ताब्याचा हुकूम पुढे हरकतीला उघडा राहतो. प्रकरण लोकअदालतीत मिटले तर त्या निवाड्यावर अपील नाही, हा मोठा फायदा.

आणि एक मार्ग मालक फार उशिरा विचारात घेतात : भाडेकरूसह जागा विकणे. नवा मालक तुमच्या जागी येतो, भाडेकरूचे हक्क तसेच राहतात. किंमत रिकाम्या जागेपेक्षा कमी येईल हे उघड आहे, पण वर्षानुवर्षे खटला चालवण्याचा खर्च आणि वय बाजूला मांडून आकडा लावून पाहा. अनेकदा विकत घेणारा स्वतः भाडेकरूच निघतो. खरेदीखत झाल्याच्या दिवशीच भाडेकरूला पत्र द्या, की यापुढे भाडे अमुक यांना द्यावे, आणि अनामत कोणाकडे गेली ते त्याच पत्रात लिहा.